गोव्यातल्या कोलवाळच्या तुरुंगातून सुटणाऱ्या बाईच्या घराची सोय कशी लावायची

तुरुंगातल्या बाईच्या हातात फोन नसतो. म्हणून हे लिहिते आहे ते तिच्या बहिणीसाठी, आईसाठी, भावजयीसाठी, किंवा "तिचं कुणी नाही, तुम्हीच काय ते बघा" म्हणून हे काम जिच्या गळ्यात पडलंय त्या शेजारणीसाठी.

मी डिचोलीची. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि मग विधी सेवा प्राधिकरणाची स्वयंसेविका झाले. सगळे पीएलव्ही म्हणतात, पॅरा लीगल व्हॉलंटियर. मी वकील नाही. कागद घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर जायचं, बाईच्या शेजारी बसायचं, वकील काय बोलला ते तिला समजेल असं परत सांगायचं, हे माझं काम.

सुटणाऱ्या बाईचा विषय निघाला की लोक "हिला कुठल्या आश्रमात ठेवूया" इथूनच सुरू करतात. गोव्यात तसं करू नका. आधी तिचं स्वतःचं घर आहे का ते बघा. पुष्कळदा असतं. तिला ते माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ते तोंड उघडत नाहीत.

आधी तिच्या हक्काचं घर शोधा

गोव्यात लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं असेल आणि लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात आणि तिचा अर्धा हिस्सा बायकोचा असतो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासूनचा हा नियम मुक्तीनंतरही चालू राहिला. जमिनीच्या नोंदीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर एकट्या नवऱ्याचं नाव असलं तरी अर्धं तिचंच. तिच्या संमतीशिवाय त्याला घर विकता येत नाही. आणि खटला चालला, शिक्षा झाली, ती आत राहून आली, एवढ्यानं तिचा हा अर्धा वाटा बुडत नाही.

"घर सासऱ्याचं आहे" असं उत्तर आलं तर दोन गोष्टी विचारा. सासरे हयात आहेत का? नसतील, तर नवऱ्याला वारशाने जे येतं तेही दोघांच्या एकत्र मालमत्तेत जातं. हयात असतील तर मालकीचा प्रश्न सध्या बाजूला ठेवा आणि राहण्याचा हक्क धरा. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात बाई ज्या घरात नांदली त्या घरात राहायचा हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते या कायद्याखालचं सामायिक घर ठरू शकतं. मात्र तिचा त्या घरात छळ झालेला असला पाहिजे. त्या कायद्याचं दार तिथूनच उघडतं.

मग माहेर. मुलीचा वाटा मुलाइतकाच. आईवडिलांनी मृत्युपत्र केलं तरी त्यांना आपल्या मर्जीने अर्धीच मालमत्ता देता येते. उरलेली अर्धी मुलांची, त्यात मुली आल्या. भाऊ म्हणतो, "लग्नात सोनं घातलं, तेव्हाच तिचं मिटलं." मिटत नाही. फार तर ते सोनं वाटणीच्या हिशेबात धरतात. वाटणी होते ती इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मागे राहिलेल्या मालमत्तेची यादी करून वाटप करण्याच्या, दाव्यातून, त्यासाठी गोव्याचा २०१२ चा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरीचा कायदा आहे. दावा लांबतो, पण तो चालू असताना माहेरच्या घरातली एक खोली मागायला बळ मिळतं.

आणखी एक वाट म्हणजे मुंडकारपण. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या घराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण आहे. मामलेदाराकडच्या मुंडकारांच्या नोंदीत त्या घराचं नाव आहे का ते बघून घ्या. सत्तरी, डिचोली, पेडणे भागात तर हे विसरूच नका.

खटला घरातल्याच कुणाच्या मृत्यूचा असेल तर वारशाचं गणित बदलतं. ते वकिलाला पहिल्या वाक्यात सांगा, शेवटच्या नाही.

जमवायचे कागद थोडेच आहेत: लग्नाच्या नोंदीची प्रत, एक-चौदाचा उतारा, पंचायतीची घरपट्टीची पावती, विजेचं बिल. घरपट्टी कुणाच्या नावाने येते ते पंचायतीत सहज कळतं. हे घेऊन उत्तर किंवा दक्षिण गोव्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला आणि कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो; बाईच्या बाबतीत उत्पन्न विचारत नाहीत. जायला जमत नसेल तर १५१०० वर फोन करा.

ती आत असताना तिच्याकडून कशावरही सही घेऊ देऊ नका. तुरुंगात भेटीला आलेला दीर सांगतो, "वकिलाची फी भरायची आहे, मुखत्यारपत्र दे." भाऊ म्हणतो, "बँकेचं काम आहे." त्या कागदात हक्क सोडल्याचं वाक्य असू शकतं, आणि हक्कसोडीचा दस्त एकदा नीट नोंदला की मागे फिरवणं फार कठीण. तिला एवढंच शिकवून ठेवा: "कागद विधी सेवेच्या वकिलाला दाखवते, मग सही करते." कारागृहात विधी सेवेचे वकील येतात, त्यांच्यासमोर वाचून घेता येतं.

हक्क आहे म्हणून दार उघडतंच असं नाही. सत्तरीतल्या एका घरी आम्ही गेलो होतो. सासू बलकावावर, म्हणजे घरापुढच्या सोप्यावर, सुपारी कातरत बसलेली. तिनं आम्हाला बसायलाही सांगितलं नाही. "ती आली तर मी विहिरीत उडी घेईन," म्हणाली, आणि अडकित्ता चालूच. वकिलीणबाई शिकलेल्या, त्यांनी कायद्याचं नावच काढलं नाही. विचारलं, "मागची खोली कोण वापरतं?" मागे पडवीला लागून एक खोली होती, लाकडं आणि नारळ ठेवलेली, परसात उघडणारं वेगळं दार असलेली. बोलणं तिथून सुरू झालं. अख्खं घर मागितलं असतं तर त्या दिवशी चहा सोडाच, पाणीही मिळालं नसतं. वेगळं दार, वेगळी चूल आणि न्हाणी कुणी कधी वापरायची याची वेळ, एवढं विधी सेवा प्राधिकरणातल्या मध्यस्थीत कागदावर आलं. खटल्याआधीची ही मध्यस्थी फुकट असते आणि तिथे ठरलेलं लेखी राहतं.

अशा बोलण्यात गावच्या पंचाला नेऊ नये असं माझं मत. दुसऱ्या दिवशी सगळ्या वाड्यावर बातमी जाते, मग सासूला माघार घ्यायची असली तरी घेता येत नाही.

आणि काही घरं अशी असतात जिथे हक्क असूनही तिला पाठवू नये. मारहाण करणारा नवरा तिथेच आहे, किंवा ज्याच्यामुळे खटला झाला त्याचं कुटुंब कुंपणापलीकडे राहतं. तिथे हक्काचा दावा चालू ठेवा आणि राहायची सोय दुसरीकडे बघा.

घर नसेल तर

जिल्ह्याच्या महिला आणि बालविकास कार्यालयात शक्ती सदनाबद्दल विचारा. पूर्वी स्वाधार गृह आणि उज्ज्वला गृह अशा दोन योजना होत्या. २०२२ पासून मिशन शक्तीखाली त्या एकत्र करून शक्ती सदन झालं. खिडकीवरचा माणूस कधी कधी म्हणतो, "हे पीडित महिलांसाठी आहे, कैद्यांसाठी नाही." तेव्हा शांतपणे सांगा की स्वाधारच्या मार्गदर्शक सूचनांत तुरुंगातून सुटलेल्या, घरचा किंवा पैशाचा आधार नसलेल्या बायकांचा स्वतंत्र उल्लेख होता आणि शक्ती सदन त्याच योजनेतून आलं आहे. नकार दिला तर तो लेखी मागा. लेखी म्हटलं की बरेचदा साहेब स्वतः बाहेर येतात.

घरच्या छळाची पार्श्वभूमी असेल आणि आजची रात्रच अडली असेल तर १८१ वर फोन करून सखी वन स्टॉप सेंटर मागा. तिथला मुक्काम थोड्या दिवसांचा, साधारण पाच दिवसांपर्यंतचा. तेवढ्यात पुढची सोय लावायची.

मेरशीचं प्रोटेक्टिव्ह होम लोक पटकन सुचवतात. ते मुख्यतः देहव्यापारातून सोडवलेल्या आणि न्यायालयाने पाठवलेल्या बायकांसाठी आहे. तिथे आपण होऊन जाऊन राहता येत नाही, आणि नको असताना कुणाला तिथे अडकवूही नये. देहव्यापाराच्या प्रकरणातून आलेली बाई असेल तर अर्ज, म्हणजे अन्याय रहित जिंदगी, या संस्थेशी बोला. वास्को भागात त्यांचं काम जुनं आहे आणि अशा बायकांना रोजगार मिळावा म्हणून त्यांनी स्विफ्ट वॉश नावाची लाँड्री चालवली आहे. वय झालेल्या बाईसाठी प्रोव्हेदोरिया या सरकारी संस्थेचे वृद्धाश्रम आहेत. काही होम्स नन्स चालवतात. तिथे धर्म विचारून परत पाठवतील अशी भीती हिंदू घरांत असते, पण मी जिथे जिथे गेले तिथे तसं झालेलं पाहिलं नाही. कॅथलिक स्वयंसेवकांची प्रिझन मिनिस्ट्री इंडिया ही संघटना कैद्यांमध्ये काम करते. अशा होम्सची माहिती त्यांच्याकडे मिळते.

कुठलंही होम ठरवण्याआधी स्वतः जाऊन बघा. मी पहिला प्रश्न विचारते तो दाराचा. तिला कामाला बाहेर जाता येईल का, संध्याकाळी किती वाजेपर्यंत परत यायचं, कोर्टाच्या तारखेला कुणाची परवानगी लागते? मग मुलांचं विचारायचं. मुलगी मोठी होईपर्यंत आईजवळ राहू शकते, मुलग्याला वयाची अट कमी असते आणि त्याहून मोठ्या पोराला ऐनवेळी वेगळं पाठवायची वेळ येते. फोन वापरू देतात का, कपाटाला कुलूप आहे का, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या कोण देणार, हेही विचारा. जिथे बाई महिनोन्‌महिने आवाराबाहेर पडत नाही तिथे तिला ठेवू नका. तुरुंगाची सवय मोडायची आहे, वाढवायची नाही.

भाड्याची खोली हा तिसरा मार्ग. किनाऱ्याकडे भाडी अशी आहेत की विचार करू नये. म्हापशाच्या बाहेर, डिचोलीत, फोंड्याच्या आसपास एखादी खोली मिळते. घरमालकाला भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते, त्याचा फॉर्म असतो. खोटं लिहू नका. तपासणीत निघालंच तर ती खोलीही जाते आणि जामीनही अडचणीत येतो. त्यापेक्षा तिला ओळखणारा एक भरवशाचा माणूस घरमालकाशी आधी बोलला की निम्मं काम होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना मात्र काहीच सांगायची गरज नाही. ती कुठून आली हा त्यांचा विषय नव्हे.

जामिनावरचा पत्ता

कच्च्या कैद्यांच्या बाबतीत हे सर्वांत जास्त चुकतं. जामिनाच्या बाँडवर जो पत्ता दिला तिथेच ती राहते असं न्यायालय धरून चालतं. तिथे राहणार नसेल तर वकिलाकरवी पत्ता बदलल्याचं लेखी कळवा. शक्ती सदनाचा पत्ता द्यायचा तर त्यांचं संमतीचं पत्र आधी घ्या. नाहीतर पोलीस जुन्या पत्त्यावर जातात, कुलूप बघतात आणि "फरार" लिहून मोकळे होतात.

कर्नाटकातून किंवा सिंधुदुर्गातून गोव्यात कामाला आलेल्या बायकांची कोंडी आणखी वेगळी. घर आहे बेळगावला, सावंतवाडीला. आई वाट बघते आहे. पण जामिनाची अट अशी की परवानगीशिवाय गोवा सोडायचा नाही आणि ठरलेल्या दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी लावायची. म्हणजे गावात घर असून ती इथे बेघर. वकिलाला सांगा, अट शिथिल करण्याचा अर्ज करा. हजेरी तिच्या गावच्या ठाण्यात लावू द्यावी अशीही विनंती करता येते. तो निकाल लागेपर्यंतची सोय मात्र गोव्यातच करावी लागते, म्हणून होमशी बोलताना हे कारण स्पष्ट सांगा.

जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी आत राहिलेल्या बायका असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांप्रमाणे जामीन मिळून ७ दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकाने ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. एक महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय आपण होऊन अट सैल करण्याचा विचार करू शकतं. तुम्ही फक्त प्राधिकरणाच्या सचिवांना पत्र देऊन आठवण करायची. केंद्राची गरीब कैद्यांना मदतीची योजनाही २०२३ पासून आहे. तिच्या मार्गदर्शक सूचनांत जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० पर्यंतची तरतूद केली गेली. अमली पदार्थांच्या कायद्याखालची प्रकरणं त्यात बसत नाहीत; आपल्याकडे अशी प्रकरणं बरीच, तेव्हा फुकटची आशा लावू नका.

दारावर

शिक्षा पूर्ण होणाऱ्या बाईची तारीख आधी कळते. जामिनावरची सुटका कधी होईल ते सांगता येत नाही. दुपारी जामीनदाराचे कागद पुरे होतात, सुटकेचा आदेश कारागृहात पोचायला वेळ लागतो, आणि दार उघडेपर्यंत दिवेलागण. कोलवाळचं मध्यवर्ती कारागृह म्हापशाहून पेडण्याच्या बाजूला. २०१५ मध्ये आग्वादचा तुरुंग बंद झाला तेव्हापासून मुख्य कारागृह हेच. रात्री तिथून एकटीनं बस पकडणं सोपं नाही. म्हणून जामिनाचा अर्ज दाखल होतो त्याच दिवशी पहिली रात्र कुठे काढायची ते ठरवा, आणि न्यायला कोण येणार त्याचं नाव आणि फोन नंबर लेखी देऊन ठेवा.

नातेवाईक म्हणतात, "चवथ होऊन जाऊ दे, मग आणूया." गणेशचतुर्थीला घरात पाहुणे, त्यात ही नको, असा त्याचा अर्थ. चवथीत घरी न्यायचं नसेल तर नेऊ नका, पण त्यासाठी सुटकेचे कागद रेंगाळवू नका. आठ दिवस मावशीकडे ठेवा.

न्यायला दोघी जा, लवाजमा नको. साडी किंवा ड्रेस, चपला, पाण्याची बाटली, सुटे पैसे. चपला नक्की, कारण तिच्या जुन्या चपला एकतर मिळत नाहीत किंवा पावसात कडक होऊन फाटलेल्या असतात. लहान मूल सोबत नेऊ नका. आई दारातून बाहेर येताना कशी दिसते हे पोराच्या डोळ्यांसमोर राहतं. भेट घरी होऊ दे.

बाहेर पडण्याआधी तिला अंगावरच्या वस्तू परत देतात. वही उघडतात, एकेक वस्तू वाचतात, ती टेबलावर ठेवतात, सही घेतात. एकीला दिलेल्या पाकिटात मंगळसूत्राचे काळे मणी सुटे होते, दोरा कुजून गेलेला. वहीत लिहिलेलं "पिवळ्या धातूचं मंगळसूत्र एक". वाट्या दोन्ही होत्या, पण तिनं त्या ओळखायला वेळ घेतला, हातावर घेऊन उलट्या केल्या, आतल्या बाजूची सोनाराची खूण बघितली आणि मगच सही केली. मागे उभा असलेला शिपाई चुळबुळत होता. तसंच करायला हवं. घाई करू नका, यादी वाचून घ्या. पोलिसांनी जप्त केलेला फोन या पाकिटात नसतो; तो मुद्देमालात, आणि त्यासाठी न्यायालयात वेगळा अर्ज.

त्याच टेबलावर आणखी तीन गोष्टी मागा. तिच्या नावावर जमा असलेले पैसे आणि आत काम केलं असेल तर त्याची मजुरी, हिशेबासकट. औषधांची चिठ्ठी आणि चालू गोळ्या. टीबीची, एचआयव्हीची किंवा मनाच्या आजाराची औषधं एक दिवसही तुटता कामा नयेत. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ, आणि जवळच मनोरुग्णांसाठीची संस्था आहे, तिथे पुढे चालू करता येतात. तिसरी, सुटकेचा दाखला. त्यावरचं नाव तिथेच वाचा. एफआयआरमध्ये माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि दाखल्यावर तिसरंच, असं झालं की पुढच्या प्रत्येक खिडकीवर त्याचा जाब द्यावा लागतो.

कागदपत्रं आणि पैसे

सगळ्याच्या मुळाशी आधार. तिचा जुना मोबाईल नंबर रिचार्ज नसल्याने बंद होऊन बहुधा दुसऱ्या कुणाला मिळालेला असतो, आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. नवीन सिम घ्या आणि आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन नंबर बदला. ज्यांचं आधारच नाही त्यांच्यासाठी कारागृहातून दिला जाणारा कैदी प्रवेशाचा दस्तऐवज नोंदणीला चालतो, म्हणून हे काम आत असतानाच झालेलं बरं.

दोन वर्षं व्यवहार नसेल तर बँक खातं निष्क्रिय होतं. केवायसी दिली की परत चालू होतं, त्यासाठी शुल्क घेता येत नाही. शिधापत्रिकेवरून नाव कमी केलेलं असेल तर अर्ज द्या. मतदान आत असताना करता येत नाही, बाहेर आल्यावर येतं.

दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याचे पैसे ज्येष्ठ, अपंग आणि एकट्या बायकांना मिळतात, गोव्यात १५ वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. आधी मिळत होते आणि हयातीचा दाखला न गेल्याने थांबले असतील तर नवा अर्ज करण्याआधी जुनाच चालू करून घ्या. गृह आधार ही गृहिणींसाठीची वेगळी योजना, महिन्याला १,५०० रुपयांची; तिची चौकशी अंगणवाडीत करता येते. दवाखान्याच्या खर्चासाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड नूतनीकरण केलेलं आहे का बघा.

कामाचं थोडक्यात. मोठी हॉटेलं पोलिसांचा दाखला मागतात, तिथे सुरुवातीला डोकं आपटू नका. काजू कारखाने, केटरिंगवाले, लाँड्री, घरकाम, नाहीतर बचत गटातून पापड-लोणची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अबोलीचे वळेसर विकणाऱ्या एकीनं पहिल्या भांडवलासाठी उसने घेतले ते फक्त फुलांचे आणि दोऱ्याचे पैसे. पहिल्या महिन्यात मात्र तिला कामाला जुंपू नका. रात्री झोप येत नाही, दार आतून बंद करायला विसरतात, जेवणाच्या वेळी कुणी सांगितल्याशिवाय ताट घेत नाहीत. मन फार खाली गेलं तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर चोवीस तास चालतो.

मूल

सहा वर्षांपर्यंतचं मूल आईसोबत आत राहू शकतं. त्यापुढचं मूल नातेवाइकांकडे किंवा बाल कल्याण समितीमार्फत संस्थेत गेलेलं असतं. संस्थेतलं मूल परत आणायला समितीकडे अर्ज करावा लागतो आणि घर बघायला माणूस येतो. म्हणून घराची सोय झाल्याशिवाय हा अर्ज घाईनं करू नका. नकार आला तर पुढचा अर्ज जड जातो. ती अजून खोली शोधत असेल तोवर भेटीची परवानगी मागा, ती मिळते. आत जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंगाचं नाव येता कामा नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगितलं आहे. आलं असेल तर शाळेत घालण्याआधी दुरुस्त करून घ्या.

नातेवाइकांकडे राहिलेलं मूल कधी कधी आईकडे यायला तयार नसतं. मामीला आई म्हणत असतं. तिथे कायदा काढू नका. शनिवार-रविवार जाऊ दे, शाळेच्या दारात उभी राहू दे, डबा करून देऊ दे. एका मुलीनं आईनं आणलेला डबा बरेच दिवस मैत्रिणींना वाटून टाकला. नंतर एकदा रिकामा डबा परत देताना "उद्या भाजी नको, तोणाक कर" एवढंच बोलली.

आणि कोर्टाची तारीख. घर मिळालं, काम लागलं, मूल आलं, की नेमकी तारीख विसरते आणि वॉरंट निघतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल शाईनं लिहा, आणि आदल्या संध्याकाळी तुम्ही स्वतः फोन करा.